महिन्याला १५०० वरून ६००० जिम लेगिंग्ज करायच्यात, पण क्वालिटी हातातून सुटतेय, काय करू?

शिवण_इचलकरंजी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून.

माझं इचलकरंजीत छोटं युनिट आहे. घरचा धंदा मागाचा, सासऱ्यांचे सहा माग होते ते विकले आणि २०१९ ला मी चार मशीनवर जिमच्या लेगिंग्ज शिवायला घेतल्या. आता अकरा मशीन आहेत, चार ओव्हरलॉक (तुकडे जोडून कड बांधणाऱ्या), दोन फ्लॅटलॉक (सपाट शिवण मारणाऱ्या), एक इलॅस्टिक लावायची कानसाई मशीन आणि चार साध्या सिंगल नीडल. नऊ बायका शिवायला, एक कटिंग मास्तर, दोन हेल्पर. आमचं गाव कापडाचं असलं तरी ते मागावर विणलेल्या कापडाचं, ताणलं जाणारं लायक्रा निटिंग इथे मिळत नाही मनासारखं, सुरतहून रोल मागवते. महिन्याला १५०० पीस आरामात निघतात आणि आजपर्यंत तक्रारी फार नव्हत्या कारण पॅकिंगच्या आधी प्रत्येक पीस माझ्या हाताखालून जायचा.

दिवाळीनंतर पुण्याच्या एका ब्रँडशी बोलणं झालं, त्यांना महिन्याला ६००० हवेत. ट्रायल म्हणून २२०० पीसची ऑर्डर दिली, त्यातले १५०० मी घरी केले आणि ७०० ओळखीच्या दोन युनिटना शिलाईला दिले. १३४ पीस परत आलेत. तक्रारी तीनच पण तिन्ही वाईट. एम साइज एसच्या मापात बसतोय, आसनाची शिवण उसवतेय, आणि नेव्ही रंगात वाकलं की आतलं दिसतंय. एका मुलीने लिहिलंय की क्लास चालू असताना तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच घरी निघून गेली. ते वाचून मला रात्रभर झोप नाही लागली खरंच, आपण शिवलेला कपडा घालून कुणाला मान खाली घालावी लागली.

घरचे म्हणतात एवढी ऑर्डर सोडू नको, मशीन घे अजून. मला कळत नाहीये नक्की कुठे चुकतंय. जॉबवर्कवाल्यांचं चुकलं म्हणावं तर परत आलेल्यात माझ्याकडचे पीसपण आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

कटिंगवाला_भिवंडी

ताई, मी २६ वर्षं कटिंग टेबलावर आहे, आधी होजियरी आणि आता सगळं स्पोर्ट्सवेअर. तुमचा साइजचा प्रॉब्लेम शिलाईचा नाहीच, तो कटिंगचा आहे, शंभर टक्के सांगतो.

लायक्राचा रोल मिलमधून ताणून गुंडाळलेला येतो. तो सोडला की हळूहळू आखडतो, एका तासात नाही, पूर्ण २४ तास लागतात, जाड असेल तर जास्तच. तुम्ही १५०० करत होता तेव्हा रोल आला की दोन दिवस पडून राहत असेल, मास्तर सवडीने उघडत असेल, त्यामुळे कळलंच नाही कधी. आता घाई आहे, टेम्पोतून उतरला की टेबलावर. मग होतं काय की फर्मा (कापायचा कागदी साचा) बरोबर, कटिंगही बरोबर, पण कापलेले तुकडे बंडलमध्ये बसल्या बसल्या आखडतात आणि एमचा एस होतो. रोल पूर्ण उलगडून मोठ्या रॅकवर किंवा स्वच्छ फरशीवर चादर टाकून घड्या घालून सैल ठेवा, एकावर एक ढीग नको, खालचं कापड दाबलं जातं आणि ते सुटतच नाही.

दुसरं म्हणजे लेअर (कापडाचे थर) टाकताना दोन्ही बाजूंनी ओढून सरळ करायची सवय असते ना पोरांना, ती मोडा. कॉटनला चालतं ते लायक्राला नाही चालत. कापड हातावर घेऊन ठेवायचं, ओढायचं नाही. आणि ऑर्डर मोठी म्हणून ८०-१०० लेअर लावू नका, ३०-४० च्या वर गेलं की वरचा आणि खालचा पीस एक राहत नाही, शिवाय पॉलिस्टर असेल तर पात्याच्या गरमीने कडा वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग ती कडक झालेली कड ओव्हरलॉकला त्रास देते.

धुण्याचा आट कधी काढलाय का? प्रत्येक लॉटमधून ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन मार्करने आखा, तीनदा धुवा, सावलीत वाळवा आणि मोजा. ५० चे ४८ झाले म्हणजे चार टक्के आट. तेवढं फर्म्यात वाढवायचं, आणि लांबीचा आट वेगळा, रुंदीचा वेगळा बरं का. लॉट बदलला की परत मोजायचं. मागच्या वेळी मोजलंय म्हणून चालत नाही.

आणि एक, प्रत्येक तुकड्याला नंबर स्टिकर लावता का? एका रोलचा डावा पाय आणि दुसऱ्या रोलचा उजवा पाय एकत्र शिवला गेला तर ट्यूबलाइटखाली दिसणार नाही पण उन्हात शेड वेगळी दिसेल. ही तक्रार अजून आली नाही म्हणजे नशीब, ६००० ला येणार.

---

तिरुपूरहून_सातारकर

कटिंगवाले दादांनी साइजचं बरोबर सांगितलंय. मी बाकीच्या दोघांवर लिहितो. मूळचा साताऱ्याचा, ११ वर्षं झाली तिरुपूरला, तमिळनाडूतल्या होजियरीच्या गावात, मर्चंडायझिंगमध्ये (ऑर्डर सांभाळायच्या कामात) आहे.

आसनाची शिवण कशावर मारताय ते आधी बघा. जॉबवर्कवाल्यांकडे ओव्हरलॉक रिकामी नसली की ते सिंगल नीडलवर मारून मोकळे होतात, वरून तर छान सरळ दिसते. पण साधा टाका ताणतच नाही. कापड ताणलं जातं, धागा नाही ताणला जात, मग तो तुटतो, उठाबशा काढताना सगळा ताण तिथेच येतो. आसनाला चार धाग्यांची ओव्हरलॉक हवीच, आणि जमलं तर तिथे चौकोनी गसेट (जोड तुकडा) घाला म्हणजे चार शिवणी एका बिंदूत येत नाहीत. लूपरला (ओव्हरलॉकमधला खालून धागा अडकवणारा भाग) साध्या धाग्याऐवजी फुगीर टेक्स्चर्ड पॉलिस्टर धागा लावा, तो मऊ पण असतो आणि ताण घेतो. टाके इंचाला १२ ते १४ ठेवा. पीस लवकर निघावा म्हणून बरेच जण ८-९ वर आणतात, मशीनवर काम वेगात दिसतं आणि महिन्याभराने माल परत येतो.

सुई. हे सगळे विसरतात. बॉलपॉइंट सुई, ७० किंवा ७५ नंबर. साधी टोकदार सुई लायक्राचा तंतू कापत जाते, शिवताना काहीच दिसत नाही, दोन-चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोकांची रांग दिसायला लागते. शिफ्ट सुरू होताना सुई बदला, तुटायची वाट बघू नका. सुईचा खर्च परत आलेल्या एका लेगिंगपुढे काहीच नाही.

तपासायचं कसं तर शिवणीवर १० सेंटीमीटरची खूण करा आणि फूटपट्टीवर धरून ओढा. नुसतं कापड १६ पर्यंत जात असेल तर शिवणही धागा न तुटता १६ पर्यंत गेली पाहिजे. प्रत्येक मशीनचा सकाळचा पहिला पीस असा ओढायचा, मगच बंडल द्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता नेव्हीतून दिसण्याचं. ताई, यात तुम्ही एकट्या नाही. २०१३ च्या मार्चमध्ये लुलुलेमन या कॅनडाच्या ब्रँडने त्यांच्या लुऑन कापडाच्या काळ्या योगा पँट दुकानातून परत घेतल्या होत्या, कारण हेच, वाकल्यावर आरपार दिसत होतं. दुकानातल्या बायकांच्या पँटपैकी साधारण १७ टक्के माल होता तो. आणि पुरवठादाराचं म्हणणं होतं की माल ठरलेल्या तपासण्यांमधून पास होऊन गेलाय. कंपनीनेही नंतर मान्य केलं की त्यांच्या टेस्टिंगमध्ये कापडाचे सगळे गुण धरलेच नव्हते. म्हणजे कापड सपाट ठेवून बघितलं तर ठीक, अंगावर ताणल्यावर काय होतं ते वेगळं बघावं लागतं.

तुम्ही जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) मोजायचा कटर घेतलाय का? गोल तुकडा निघतो १०० चौरस सेंटीमीटरचा, तो बारीक काट्यावर टाकायचा, २.४ ग्रॅम आला म्हणजे २४० जीएसएम. रोलच्या सुरुवातीला, शक्य असेल तर मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी. ऑर्डरवरच लिहून द्यायचं की ५ टक्क्यांच्या वर फरक असेल तर रोल परत. आणि कापड ताणून पांढऱ्या कागदावरच्या छापील अक्षरांवर धरायचं, अक्षर वाचता आलं तर ते कापड लेगिंगला नाही, टॉपला वापरा.

---

धागेदोरे_ठाणे

एवढी डोकेफोड कशाला? सगळी ऑर्डर तिरुपूरला फुल पॅकेजवर टाका, कापडापासून पॅकिंगपर्यंत तेच देतात, तुम्ही फक्त ब्रँडशी बोलायचं. आम्ही असंच करतो.

---

शिवण_इचलकरंजी

@धागेदोरे_ठाणे दादा तुमचं बरोबर असेल पण माझ्याकडे नऊ बायका आहेत, त्यातल्या पाच जणींचे नवरे माग बंद पडल्यावर घरी बसलेत. त्यांच्या हाताला काम राहावं म्हणून तर हे वाढवायचंय. माल दुसरीकडून आणून विकायचा असता तर तो मी पहिल्यापासून विकला असता. राग मानू नका.

@कटिंगवाला_भिवंडी दादा तुम्ही म्हणालात तेच झालंय. मास्तरांना विचारलं, रोल रात्री नऊला आला आणि सकाळी सातला कटिंग. मीच घाई केली होती.

---

सोलापूरची_सुई

अगं बाई, तुझं वाचून माझी २०२१ ची आठवण झाली. सोलापुरात माझं युनिफॉर्मचं काम होतं, नंतर ट्रॅकसूट आणि लेगिंग घेतलं, १२ मशीनवरून २८ वर आले आणि पहिल्या सहा महिन्यांत इतका माल परत आला की कापडवाल्याचे पैसे द्यायला दागिने ठेवले होते मी. म्हणून हे तुला मनापासून सांगते.

लगेच मशीन घेऊ नको, आधी घड्याळ घेऊन बस. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागतात ते लिही. तुझ्या लेगिंगला फ्लॅटलॉकचं काम किती आहे? पॅनेलची शिवण, खालची मोहरी, कमरेचा पट्टा धरून साधारण चार मिनिटं लागत असतील. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, पण बंडल आणणं, धागा भरणं, पाणी पिणं धरून खरी शिलाई ३०० मिनिटांच्या आसपास होते आमच्याकडे. म्हणजे एका फ्लॅटलॉकवर दिवसाला ७५, दोनवर १५०, पंचवीस दिवसांचे ३७५०. मग ६००० होणार कुठून? बाकीच्या मशीन कितीही वाढव, माल फ्लॅटलॉकपुढे तुंबणार, आणि तिथे बसलेली बाई मागचा ढीग बघून हात उचलणार, टाका सुटणार, पट्टा वाकडा जाणार. त्या बाईची चूक नसते ग त्यात. तुला दिवसाला २४० हवेत तर तीन फ्लॅटलॉकपण कमी पडतात, चार लागतील, म्हणजे अजून दोन घे आणि त्यावर दोघी तयार कर. साध्या मशीन तुझ्याकडे चार आहेत त्या लेगिंगला लागतातच किती? एखादी विकून टाक.

पीस रेटवर काम देतेस का पगारावर? पीस रेट असेल तर एक कर, दुरुस्तीचा पीस ज्याचा त्यालाच परत दे आणि त्याच दिवशी दे, आठवड्याने देऊन उपयोग नाही, कुणी शिवला हेच आठवत नाही. पण पैसे कापू नको. मी सुरुवातीला कापत होते तर बायका खराब पीस लपवायला लागल्या, बंडलच्या मध्ये सारायच्या. कापणं बंद केलं आणि ज्यांच्या बंडलमध्ये एकही दुरुस्ती नाही त्यांना शनिवारी वर थोडे द्यायला लागले, तेव्हापासून बायका स्वतःहून येऊन सांगतात की ताई हे मशीन टाका सोडतंय. ही एक गोष्ट जमली ना तर अर्धं काम झालं.

चेकिंग शेवटी ठेवू नको नुसतं. आसन जोडून झालं की तिथेच एक मुलगी बसव, तिने फक्त तेवढंच बघायचं. पट्टा लागल्यावर उसवणं म्हणजे दुप्पट काम, आणि उसवून परत शिवलेल्या लायक्राला भोकं पडलेलीच असतात. ती मुलगी तुला रिपोर्ट करेल असं बघ, लाइन सांभाळणाऱ्याला नाही, कारण त्याला आकडा पूर्ण करायचा असतो.

तू स्वतः प्रत्येक पीस बघायचीस ना, ते आता होणार नाही ग, ६००० पीस बघत बसलीस तर कापड कोण बघणार. तुझ्या डोळ्यांना जे दिसायचं ते आता कागदावर आण. एक चांगला पीस प्रत्येक साइजचा, त्यावर तुझी आणि ब्रँडवाल्याची सही, पिशवीत सील करून एक लाइनवर टांगायचा आणि एकेक जॉबवर्कवाल्यांना द्यायचा. सोबत सुई आणि धागा पण तूच दे त्यांना, त्यांच्या धाग्यावर सोडू नको.

आणि पैशांचं. क्वालिटी कितीदा पैशांमुळे घसरते हे कुणी बोलत नाही. पेमेंट अडकलं की आपण पुढचं कापड दोन रुपये स्वस्तवालं घेतो, झालं, तिथूनच सुरुवात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना तुझी? ब्रँडशी लेखी करार कर, तो असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी नसेल तर १५. आयकरात लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचा नियम आल्यापासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना पैसे देतील त्याच वर्षी दाखवता येतो, त्यामुळे मोठे ग्राहक जरा वेळेवर देतात आता. नोंदणी नंबर बिलावर छाप.

---

शिवण_इचलकरंजी

@सोलापूरची_सुई ताई, घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं दहा सेकंद. तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत! एक विचारू का, ब्रँडवाले म्हणतात पुढच्या लॉटपासून एक्यूएल २.५ ने माल घेणार. म्हणजे अडीच टक्के खराब चालतात असा अर्थ आहे का?

---

तपासणीस

नाही ताई, तसा अर्थ काढू नका, खूप जण तिथेच फसतात. मी आता निवृत्त आहे, आयुष्य बाइंग हाउसमध्ये (ब्रँडसाठी माल घेणाऱ्या कंपनीत) माल पास-नापास करण्यात गेलं.

एक्यूएल ही नमुना काढून लॉट घ्यायचा की नाही हे ठरवायची पद्धत आहे, आयएसओ २८५९ मधली. तुमचा लॉट १२०१ ते ३२०० च्या मधे असेल तर नेहमीच्या पातळीला ते त्यातून १२५ पीस उचलतील, कुठलेही, तुम्ही काढून दिलेले नाहीत. त्यात मोठे दोष ७ पर्यंत निघाले तर पूर्ण लॉट पास, ८ निघाले तर पूर्ण लॉट परत. २२०० च्या २२०० परत, हे लक्षात घ्या. लॉट ३२०१ ते १०००० असेल तर २०० पीस आणि १० पर्यंत पास, ११ ला परत. म्हणून ६००० चा एक लॉट पाठवण्यापेक्षा आठवड्याचे लहान लॉट पाठवा, परत आला तरी तेवढाच येतो.

त्यांच्याशी मोठा दोष कशाला म्हणायचं ते आधी फोटोसकट ठरवून घ्या. शिवण उसवणं, भोक, माप चुकणं, आरपार दिसणं हे मोठे. धाग्याचं टोक लोंबणं छोटं. मापाला किती सेंटीमीटर कमी-जास्त चालेल ते साइजचार्टवर लिहा, आणि माप कसं घ्यायचं तेपण. कंबर सैल ठेवून मोजायची की ताणून यावरून मी भांडणं बघितली आहेत.

अजून दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. एक घाम. नेव्ही आणि मरून रंग पाण्यात सुटत नाहीत पण घामाने सुटतात कधी कधी, आणि फिकट पॅनेल असेल तर तिथे उतरतात. घामाचा रंग पक्का आहे का ही वेगळी टेस्ट असते, धुण्याची वेगळी, घासण्याची वेगळी. तुमच्या गावातच डीकेटीई कॉलेज आहे, तिथल्या टेक्स्टाइलवाल्यांकडे चौकशी करा, नाहीतर मुंबईत वरळीला सस्मिरा किंवा घाटकोपरला बीटीआरए, या कापडाच्या संशोधन संस्था आहेत. प्रत्येक रंगाची एकदा आणि नंतर डाय लॉट (एकदम रंगवलेला माल) बदलला की. दुसरं, पॉलिस्टरवर पांढरा लोगो दाबत असाल तर तापमान जपा. जास्त गरमीने कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरा लोगो आठवड्याभरात निळसर होतो, प्रेसवरून काढताना मात्र अगदी पांढराशुभ्र असतो. कमी तापमानाची, रंग अडवणारा थर असलेली फिल्म मिळते, ती घ्या आणि चार-पाच दिवस पीस ठेवून बघा.

आणि तुम्ही त्या मुलीचं लिहिलंत ना, तिला ब्रँडकडून नाही, तुम्ही स्वतः चिठ्ठी लिहून नवीन पीस पाठवा.

---

शिवण_इचलकरंजी

बारा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं काय झालं ते.

जीएसएम कटर आणला. शिल्लक आठ रोल मोजले, ऑर्डर २४० ची होती, सहा रोल २३५ ते २४३ मध्ये आले आणि दोन रोल २१६ आणि २१८. दोन्ही नेव्ही. कागदावर ताणून धरलं तर पेपरातली बातमी वाचता येत होती. व्यापाऱ्याला फोटो पाठवले, आधी नाही नाही म्हणाला, मग घेतले परत. आता ऑर्डरवर ५ टक्क्यांचं लिहून घेतलंय.

परत आलेले पीस टेबलावर मांडून सगळ्या बायकांना बोलावून एकेक उघडला. उसवलेले ४१ होते त्यातले ३३ जॉबवर्कचे, सिंगल नीडलवरच मारलेले, सातारकर दादा अगदी तेच. उरलेले ८ आमचे, आणि ते सगळे एकाच ओव्हरलॉकवरचे निघाले, तिचा एक लूपर घासलेला होता. ते मशीन चालवणारी मावशी म्हणाली मी दोन महिन्यांपूर्वी बोलले होते. बोलली होती, मला आठवलं. तिची माफी मागितली सगळ्यांसमोर आणि त्याच दिवशी लूपर बदलला. सोलापूरच्या ताई, शनिवारचं बक्षीस चालू केलंय, दोन शनिवार झाले.

ब्रँडवाल्यांकडे जाऊन खरं खरं सांगितलं की ६००० एकदम होणार नाहीत. पहिले दोन महिने २५००, मग नवीन दोन फ्लॅटलॉक बसल्यावर ४०००, आणि तिथे तक्रारी नसतील तरच ६०००. मला वाटलं ऑर्डर जाते आता. ते म्हणाले आठवड्याला लॉट द्या आणि मापाचा तक्ता दोघांच्या सहीने करू. जॉबवर्कचं एक युनिट थांबवलं, दुसऱ्याला चार धाग्यांची ओव्हरलॉक दाखवल्याशिवाय माल देणार नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी घेतली मशीन.

त्या मुलीला पीस पाठवला, चिठ्ठी लिहून, २४३ च्या रोलमधला. तिचं उत्तर आलंय, घालून जिमला गेली म्हणे.

कटिंगवाले दादा एक शंका राहिली, रोल सोडून ठेवायला माझ्याकडे जागा कमी आहे, रॅक किती उंच आणि दोन फळ्यांमध्ये किती अंतर ठेवू? सुताराला उद्या बोलावलंय.

---

कटिंगवाला_भिवंडी

ताई फळ्यांमध्ये फूटभर ठेवा आणि एका फळीवर एकच रोल, घडी सहा-सात इंचाच्या वर जाऊ देऊ नका. फळी कापडाच्या पन्ह्यापेक्षा (रुंदीपेक्षा) चार इंच रुंद करा म्हणजे कडा लोंबणार नाहीत, लोंबल्या की वजनाने ताणतात. लाकडाला पॉलिश पेपर नीट मारायला सांगा सुताराला, कुसळ राहिलं तर लायक्राचा धागा ओढला जातो. आणि प्रत्येक फळीवर खडूने रोल कधी उघडला ती वेळ लिहा, मास्तरांनी ती वेळ बघूनच हात लावायचा.